जुने टीव्ही जमवताय? मग गट कंपनीवर नाही, पोटावर पाडा

माझ्याकडे आज २३ जुने टीव्ही आहेत आणि त्यातले पहिले ९ मी साफ चुकीच्या पद्धतीने लावले होते, म्हणजे कंपनीप्रमाणे. क्राऊन एका फळीवर, वेस्टन दुसऱ्या, मग डायनोरा, मग ईसी, मग ओनिडा. दिसायला एकदम झकास, पाहुणे आले की फोटो काढायचे. पण एकदा एका सेटचा व्हॉल्व्ह (आतली काचेची नळी, ट्रान्झिस्टरच्या आधी त्याचं काम करणारी) गेला, म्हटलं त्याच कंपनीचा दुसरा आहे ना, त्यातला काढून लावून बघू, तर त्याच्या पोटात व्हॉल्व्हच नाही, नुसते ट्रान्झिस्टर! आणि पलीकडच्या फळीवरच्या, नावही धड न ऐकलेल्या कंपनीच्या सेटमध्ये मात्र हुबेहूब तोच व्हॉल्व्ह, तीच पिक्चर ट्यूब (पडद्याची मोठी काच), जवळपास तशीच मांडणी.

नंतर कळलं की असं होणारच होतं. सत्तरच्या दशकात आणि ऐंशीच्या सुरुवातीला आपल्याकडे टीव्ही बनवणारे छोटे छोटे कारखानदार ढिगाने होते, पिक्चर ट्यूब आणि व्हॉल्व्ह बऱ्याच जणांकडे बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचेच यायचे. लाकडी खोकं आणि पुढची पट्टी आपापली, आतला संसार सारखाच. उलट एकाच कंपनीने पाच-सात वर्षांत आतलं सगळं बदलून टाकलेलं असतं. तेव्हापासून मी गट पाडतो ते मागचं कव्हर उघडून. कसं, ते पहिल्यापासून सांगतो. ज्यांच्याकडे दोनच सेट आहेत त्यांनी पण वाचा, दोनाचे वीस कधी होतात कळत नाही.

आणलात? प्लग लावू नका

जुन्या बाजारातून टीव्ही आणला की हात शिवशिवतात, मला माहितीय. माझा पहिला सेट मी आणल्या आणल्या सॉकेटला लावला, एखादं मिनिट झालं असेल, आतून फट्ट आवाज, पांढरा धूर आणि कागदाचे ओलसर कपटे सगळ्या हॉलभर. मोठा फिल्टर कंडेन्सर (वीज साठवून सपाट करणारा डबा) फुटला होता. आईने पुढचे सहा महिने घरात जुनं काही आणू दिलं नाही, आणि तिचं बरोबरच होतं.

तर आधी नंबर द्यायचा. मी पुठ्ठ्याचा तुकडा सुतळीने मागच्या स्क्रूला बांधतो, स्टिकर नाही, कारण स्टिकर लाकडाचं पॉलिश घेऊन निघतो. मग फोटो: समोरून, मागून, कंपनीची पट्टी जवळून, आणि असलेली-नसलेली बटणं. धूळ झटकायची ती नुसत्या कोरड्या मऊ ब्रशने. मागच्या कागदी लेबलवर ओलं फडकं मारू नका, त्या काळची शाई पाण्याला टिकत नाही आणि एकदा का सिरियल नंबर पुसला की सेट अर्धा अनाथ झाला.

उचलण्याबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो. सगळं वजन पुढे, काचेत असतं. त्यामुळे काच आपल्या छातीकडे धरून उचलायचं, ५१ सेंटीमीटरच्या वरचा असेल तर दोघांनी. गाडीत काच वर करून आडवा झोपवू नका. ट्यूबची मागची मान बोटाएवढी बारीक असते, ती तडकली की बारीक सुस्कारा येतो, आत हवा शिरते आणि ट्यूब संपली, तिला दुरुस्ती नाही.

मागचं कव्हर उघडताना

इथे घाई केली तर जीवावर बेतू शकतं म्हणून जरा लांबण लावतो.

पिक्चर ट्यूबला ब्लॅक अँड व्हाइटमध्ये १५ हजार व्होल्टच्या आसपास आणि रंगीतमध्ये २० ते २५ हजार व्होल्ट लागतात, आणि ट्यूब स्वतःच एक मोठा कंडेन्सर असल्यामुळे प्लग काढल्यावरही तो चार्ज आत राहतो, कधी कधी दिवसेंदिवस. म्हणून प्लग काढून, सेट तसाच तासभर ठेवून, मग चांगल्या इन्सुलेशनचा लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, त्याच्या दांडीला क्लिपवाली वायर लावायची, वायरीचं दुसरं टोक ट्यूबच्या मागून जाणाऱ्या उघड्या जाळीच्या तारेला अडकवायचं आणि मग स्क्रूड्रायव्हरचं टोक ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली हळूच सरकवायचं. कधी टिक असा आवाज येतो, कधी नाही. पाच मिनिटांनी परत एकदा करायचं कारण थोडा चार्ज परत उमटतो. आणि क्लिप चॅसीला (सगळे भाग बसवलेल्या लोखंडी सांगाड्याला) नाही तर त्या जाळीच्या तारेलाच, चॅसीतून गेला की एखादा ट्रान्झिस्टर नाहीतर आयसी घेऊन जातो. हे सगळं करताना एक हात मागे किंवा खिशात, पायात रबरी चप्पल, आणि घरात दुसरं कुणीतरी. ज्याने हे कधीच केलेलं नाही त्याने पहिल्यांदा एखाद्या जुन्या मेकॅनिकला बोलवावं, अशी मंडळी अजून आहेत आणि टीव्ही बघून खूश होतात.

दुसरी भानगड म्हणजे चॅसीला करंट असणं. त्या काळच्या बऱ्याच सेटमध्ये मेन्सची, म्हणजे घरच्या विजेची, एक वायर थेट लोखंडी चॅसीला जोडलेली असायची, मध्ये ट्रान्सफॉर्मर नाही. दोन पिनांचा प्लग उलटा लागला की फेज चॅसीवर. म्हणून अशा सेटचं बटण गळालेलं असेल आणि आतली धातूची दांडी बाहेर डोकावत असेल तर ती उघडी वायरच समजा. पोरंबाळं असलेल्या घरात असा सेट प्लगला लावून ठेवायचाच नाही, शोभेला ठेवायचा तर वायर गुंडाळून मागे बांधून टाका.

आता गट

कव्हर उघडलं, टॉर्च मारला, काय दिसतं त्यावर मी पाच ढीग करतो.

पहिला, व्हॉल्व्हवाले. आत काचेच्या नळ्या दिसल्या की झालं. आपल्याकडचे हे सेट बहुतेक मिश्र असतात, म्हणजे सिग्नलच्या बाजूला ट्रान्झिस्टर नाहीतर आयसी आणि जिथे ताकद लागते तिथे व्हॉल्व्ह. डोक्यावर धातूची टोपी असलेला जाड पीएल ५०४, त्याच्या शेजारी पीवाय ८८, चित्र वर-खाली पसरवण्यासाठी पीसीएल ८०५, आणि हाय व्होल्टेजच्या पिंजऱ्यात बारीकसा डीवाय ८०२, ही मंडळी परत परत भेटतात. सुरू केल्यावर चित्र यायला अर्धा मिनिट तरी लागतं ते यांच्यामुळेच, फिलामेंट तापायला हवं ना. आणि डीवाय ८०२ सोडला तर ही फिलामेंट दिवाळीच्या माळेसारखी एकामागे एक जोडलेली असतात, ३०० मिलीअँपिअरची माळ, पिक्चर ट्यूबचं फिलामेंटही त्याच माळेत. एक उडालं की सगळा सेट अंधारात. लोक म्हणतात टीव्ही पूर्ण गेला, प्रत्यक्षात एक व्हॉल्व्ह गेलेला असतो, आणि म्हणूनच हे सेट कधी कधी फुकटात मिळतात!

अजून एक खूण. व्हॉल्व्हच्या काचेला आतून आरशासारखा चंदेरी डाग असतो, पिक्चर ट्यूबच्या मानेतही असतो. तो चंदेरी किंवा काळपट असेल तर निर्वात शाबूत आहे. दुधासारखा पांढरा झाला असेल तर हवा शिरली, तो व्हॉल्व्ह किंवा ती ट्यूब मेली. बाजारात उभं राहून, प्लग न लावता, नुसत्या टॉर्चवर हे कळतं. मानेपर्यंत बघायला कव्हरच्या जाळीतून वाकून बघावं लागतं, दुकानदार हसतो, हसू दे.

दुसरा ढीग बिनव्हॉल्व्हच्या ब्लॅक अँड व्हाइटचा. याच्यात मी दोन पोटभाग केलेत आणि ते फार कामाचे ठरले. ५१ सेंटीमीटरचे मोठे, ज्यांच्यात चॅसीला करंट असू शकतो ते वेगळे, आणि १४ इंची पोर्टेबल, ज्यांच्या मागे १२ व्होल्टच्या बॅटरीचं सॉकेट असतं, ते वेगळे. या पोर्टेबलमध्ये बहुतेक वेळा आत मेन्स ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे शिकायला हेच बरे. नवीन माणसाने सुरुवात १४ इंचीपासून करावी असं माझं ठाम मत आहे, शटरवाल्या लाकडी सेटचा मोह नंतर. गावाकडे ट्रॅक्टरच्या बॅटरीवर हेच टीव्ही चालायचे.

तिसरा, रंगीत. आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण १९८२ ला आलं, १५ ऑगस्टचा कार्यक्रम आणि मग नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धा. सुरुवातीच्या काही वर्षांतले रंगीत सेट वेगळे ठेवा कारण त्यातले बरेचसे बाहेरून आलेल्या सुट्या भागांवर जोडलेले, त्यांचे पार्ट मिळायला त्रास. नव्वदीतले, रिमोटवाले, मागे पिवळ्या-पांढऱ्या पिनचं एव्ही सॉकेट असलेले वेगळे. हे शेवटचे अजून कुणी विंटेज मानत नाही, भंगारच्या भावात जातात, पण टेस्टिंगला यांच्यासारखं सोयीचं दुसरं काही नाही, एकतरी चालू ठेवाच.

चौथा, परदेशी. आखातातून आणलेले, गोव्याकडे बोटीवरच्या माणसांनी आणलेले, किंवा आजकाल परदेशातल्या नातेवाइकांनी हौसेने पाठवलेले. यांना वेगळं ठेवायचं कारण सौंदर्य नाही, व्होल्टेज. अमेरिकेतला सेट १२० व्होल्टचा, आपल्या २३० वर थेट लावला की राम नाम सत्य. शिवाय त्यांच्या चित्राच्या ५२५ रेषा आणि रंगाची पद्धत एनटीएससी, आपल्या ६२५ रेषा आणि पद्धत पाल. इंग्लंडचा रंगीत सेट पालच असतो, रेषाही ६२५, पण त्यांच्या आवाजाचा कॅरियर (आवाज वाहून आणणारी लहर) चित्रापासून ६ मेगाहर्ट्झवर आणि आपला ५.५ वर, त्यामुळे चित्र छान येतं आणि आवाजाच्या नावाने नुसतं खरखर. आणि त्याहून जुना ४०५ रेषांचा इंग्लिश सेट असेल (तिकडे हे प्रक्षेपण जानेवारी १९८५ ला बंद झालं) तर त्याला वेगळा कन्व्हर्टर लागतो, त्याशिवाय त्यावर आपलं काहीच दिसणार नाही. प्रत्येक परदेशी सेटच्या वायरीला मी लाल कापडाची चिंधी बांधतो. चिंधी दिसली की आधी व्होल्टेज वाचायचं, हा घरातला नियम.

पाचव्याला मी "दाते" म्हणतो. नुसती खोकी, फुटकी ट्यूब, जळकी लाइन स्टेज (हाय व्होल्टेज तयार करणारा भाग), पण बाकीचे अवयव चांगले. हे चांगल्या सेटांबरोबर ठेवू नका नाहीतर मन होत नाही त्यातलं काही काढायचं.

वय कसं काढायचं

गटाच्या आत मी सालाप्रमाणे लावतो, आणि इथे विकणाऱ्याच्या शब्दावर अजिबात जाऊ नका. "साहेब साठ सालचा आहे" असं मला निदान दहा जणांनी सांगितलंय. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, पुण्याला सिंहगडावरून दिसायला लागलं १९७३ मध्ये. त्याआधी देशात फक्त दिल्लीच, १५ सप्टेंबर १९५९ पासून. म्हणजे आपल्या भागातल्या घरातून निघालेला सेट ७२ च्या आधीचा असण्याची शक्यता जवळपास नाहीच.

खरा पुरावा आत असतो. कंडेन्सरच्या डब्यावर बऱ्याचदा महिना आणि साल छापलेलं असतं. एकाच कंडेन्सरवर विसंबू नका कारण तो नंतर बदललेला असू शकतो, चार-पाच बघा, जे साल जास्त वेळा येतं त्याच्या थोडं पुढे सेट. पिक्चर ट्यूबवरचं लेबल बघा. कव्हरच्या आतल्या बाजूला मेकॅनिक पेन्सिलने तारीख टाकून सही करायचे, माझ्या एका सेटवर अशा चार तारखा आहेत, चौघांचं अक्षर वेगळं. मागच्या पट्टीवरचा पत्ता वाचा: पत्त्यात पिनकोड असेल तर ७२ नंतरचा कारण पिनकोडच तेव्हा आला. बॉम्बे असेल तर साधारण ९५ च्या आधीचा, मद्रास असेल तर ९६ च्या. ट्यूनर (चॅनेल पकडणारा भाग) बघा, नुसता १२ घरांचा खटखट फिरणारा व्हीएचएफ (खालच्या नंबरचे चॅनेल) असेल तर जुना, यूएचएफची (वरच्या नंबरच्या चॅनेलची) वेगळी चकती असेल तर बहुधा नंतरचा. आणि सेटबरोबर पोस्टात भरायच्या टीव्ही लायसन्सचं पुस्तक मिळालं तर सोन्याहून पिवळं. लायसन्स १९८५ ला बंद झालं, त्यामुळे सेट त्याआधीच घरात आला होता हे नक्की.

एक दुर्मीळ प्रकार सांगून ठेवतो. १९७५-७६ मध्ये वर्षभर उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत कार्यक्रम दाखवण्याचा प्रयोग झाला, त्याचे सामुदायिक सेट हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी कंपनीने बनवले होते. महाराष्ट्र त्या सहात नव्हता, पण कर्नाटक आणि आंध्र होते. त्यामुळे सोलापूर-लातूर पट्ट्यात फिरत असाल तर ग्रामपंचायतीच्या अडगळीवर नजर ठेवा. मला अजून मिळालेला नाही.

शेरा कसा लिहायचा

वहीत मी चारच शेरे लिहितो. "चालू" म्हणजे चित्र आणि आवाज दोन्ही. "मुंग्या" म्हणजे पडदा उजळतो, मुंग्या दिसतात, सिग्नल मिळाला तर चालेल. "मुका" म्हणजे पडद्यावर काही नाही पण फिलामेंट पेटतं. आणि "खोकं". उत्तम, बरा, ठीक असले शेरे लिहिले की सहा महिन्यांनी आपल्यालाच कळत नाही की "बरा" म्हणजे नेमकं काय. शेऱ्यापुढे तारीख घाला कारण टीव्ही शेरा बदलतात, पावसाळ्यात तर हमखास.

वहीचे बाकी रकाने: नंबर, गट, कंपनी, आकार, अंदाजे साल आणि ते कशावरून काढलं, कुठून आणला, किती दिले, आतले व्हॉल्व्ह किंवा मुख्य ट्रान्झिस्टर, काय बदललं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. मोबाइलमध्ये पण लिहा, पण वही ठेवाच, सोल्डरिंग करताना काळ्या हाताने मोबाइल कोण धरणार.

पहिल्यांदा करंट देणं

साधा सिरीज बोर्ड करा, म्हणजे आत शॉर्ट असला तर सेट जळण्याऐवजी बल्ब पेटेल. बल्ब होल्डर आणि सॉकेट एकामागे एक, त्यात पिवळा फिलामेंटचा बल्ब. एलईडी बल्ब चालत नाही, हे मुद्दाम सांगतोय कारण आता घरात फिलामेंटचा बल्बच नसतो आणि लोक एलईडी लावून "काही कळेना" म्हणतात. लहान पोर्टेबलला ६० वॉटचा, मोठ्या सेटला १०० चा, व्हॉल्व्हवाल्याला त्याहून मोठा, कारण तो स्वतःच दीडशे वॉटच्या आसपास खातो. बल्ब भगभगून पेटला आणि हळूहळू मंद झाला तर ठीक. पूर्ण पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद. रंगीत सेटला सुरुवातीला बल्ब जोरात पेटणारच, ट्यूबभोवतीची डीगॉसिंगची (पडद्यावरचं चुंबकत्व घालवणारी) कॉइल करंट ओढते, दोन-चार सेकंद थांबा. आणि नव्वदीतले एसएमपीएसवाले (इलेक्ट्रॉनिक पॉवर सप्लायचे) सेट बल्बावर धड सुरू होतच नाहीत, टिकटिक करतात, म्हणजे सेट बिघडलाय असं नाही.

डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करायची चकतीवाली पेटी) असेल तर व्हॉल्व्हच्या सेटला हळूहळू व्होल्टेज वाढवत नेता येतं, पण एसएमपीएसला तसं करू नका, कमी व्होल्टेजवर तो जास्त करंट ओढतो. लक्षात ठेवा, बल्ब काय किंवा डिमरस्टॅट काय, शॉकपासून वाचवत नाही. त्याला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच (सेटचा मेन्सशी थेट संबंध तोडणारा) हवा. महाग आहे पण एकदाच घ्यायचा, मी दोन सेट कमी घेऊन तो घेतला.

मोठे फिल्टर कंडेन्सर मी सरळ बदलतो, तपासत बसत नाही. मायक्रोफॅरड जवळपास तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि प्लस-मायनस तीनदा बघून. जुना डबा फेकायचा नाही, पिशवीत घालून सेटचा नंबर टाकून ठेवायचा. पुण्यात हे सगळं तपकीर गल्लीत मिळतं, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. व्हॉल्व्ह मात्र जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडेच विचारा.

चित्र आलं पण चांदीचा वर्ख लावल्यासारखं दिसतंय, ब्राइटनेस वाढवला की उलटं फोटोच्या निगेटिव्हसारखं होतंय, तर ट्यूब वीक झालीय. अशी ट्यूब रोज तासन्‌तास चालवू नका, पाहुण्यांपुरती ठेवा. चित्र वर-खाली पळतंय तर आधी मागची व्हर्टिकल होल्डची चकती फिरवा, तिची धूळ झटकली की अर्ध्या तक्रारी मिटतात.

दाखवायचं काय?

दूरदर्शनचं जुनं अँटेनावरचं प्रक्षेपण आता जवळपास सगळीकडे बंद, त्यामुळे गच्चीवर जाऊन "आलं का? गेलं! परत फिरव!" हा खेळ संपला. आता लागतो मॉड्युलेटर, म्हणजे सेटटॉप बॉक्स किंवा पेनड्राइव्हच्या प्लेअरचं एव्ही घेऊन त्याचं चॅनेल बनवणारी छोटी डबी. घेताना दोनच गोष्टी विचारा, पाल बी (आपल्याकडची पद्धत) आहे का आणि व्हीएचएफवर निघतो का. बऱ्याच डब्या आणि जुने व्हीसीआर यूएचएफवर, ३६ च्या आसपास सोडतात, आणि १२ घरांच्या ट्यूनरला यूएचएफ समजतच नाही. त्या सेटला ३ किंवा ४ नंबरवर सोडणारीच डबी हवी. घरात लहानपणीचा टीव्ही गेम पडला असेल तर त्याच्या बॉक्समधूनही कधी कधी काम भागतं.

सेटच्या मागे दोन स्क्रू असतील, चपट्या पट्टीवायरचे, तर तो ३०० ओमचा. आजची गोल केबल ७५ ची. मध्ये छोटा बॅलन (३०० आणि ७५ जुळवणारा तुकडा) लावायचा, थेट पिळून जोडलं तर मुंग्या आणि भुतं (दुहेरी चित्र हो) दोन्ही येतात.

जुना अँटेना मिळाला तर फेकू नका, दांड्या मोजा. चॅनेल ४ च्या अँटेनाची मुख्य दांडी जवळजवळ साडेसात फुटांची असते, ५ ते १२ च्या चॅनेलची तीन फुटांच्या आत. कुठल्या गावचा अँटेना होता याचा अंदाज त्यावरून लागतो.

ठेवायचं कुठे आणि पावसाळ्यात काय

खाली विटा, त्यावर फळी, भिंतीपासून वीतभर लांब, कारण वाळवी भिंतीतून येते. व्हॉल्व्हवाले सगळ्यात वर, कोरड्या जागी. रंगीत सेटांच्या जवळ स्पीकर किंवा कुठलंही चुंबक नको, पडद्यावर जांभळे-हिरवे डाग पडतात. प्लास्टिकने झाकू नका, आत घाम धरतो, जुनी सुती चादर बेस्ट. पावसाळ्यात चालू सेट महिन्यातून एकदा अर्धा तास तरी लावा. बरेच महिने बंद असलेला ओलसर सेट लावला की हाय व्होल्टेजच्या टोपीपाशी चर्र चर्र होतं आणि विजेच्या कडकडाटानंतर येतो तसला वास येतो, तेव्हा बंद करून दोन दिवस कोरड्या खोलीत ठेवा, टोपी पुसा. पाली आणि उंदीर, हा वेगळाच अध्याय. मागच्या जाळीला आतून बारीक मच्छरदाणीचं कापड लावा, हवा जाते, पाल जात नाही.

सेट नसलेल्या वस्तू वेगळ्या पेट्यांत. बटणं सुटी ठेवू नका, प्रत्येक संच छोट्या पिशवीत नंबर घालून. रिमोटमधले सेल काढा, आजच. मॅन्युअल, सर्किटचा कागद, बिल, वॉरंटी कार्ड, लायसन्सचं पुस्तक प्लास्टिकच्या फाइलमध्ये, त्याच नंबरने. स्टॅबिलायझर, भरतकामाचं टीव्ही कव्हर आणि ती रंगीत प्लास्टिकची काच आठवते का, वर निळी-खाली हिरवी, ब्लॅक अँड व्हाइटसमोर लावून "आमचा रंगीत" म्हणायचे, ती उभी ठेवा, आडवी ठेवली की वाकते. मला विचाराल तर या वस्तू सेटांपेक्षा दुर्मीळ आहेत कारण त्या कुणी जपल्याच नाहीत.

मेलेल्या ट्यूबचं काय, हा प्रश्न येतोच. घरी फोडू नका, निर्वात असते, काचा उडतात, आणि काचेत शिसं आहे. तांब्यासाठी फोडणाऱ्या भंगारवाल्यालाही देऊ नका, ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या.

आणि सगळ्यात शेवटी, बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात जाताना पाकिटात चिठ्ठी ठेवा, वहीत बघून, कुठल्या गटात काय कमी आहे त्याची. चिठ्ठीत नसलेला सेट कितीही देखणा असला तरी आधी घरी फोन. माझ्या चिठ्ठीवर सध्या तीनच गोष्टी आहेत, पीसीएल ८०५ दोन नग, पंधरा नंबरच्या सेटचं आवाजाचं बटण, आणि चॅनेल बदलायची ती वरची पांढरी चकती जिच्यावर ७ चा आकडा पुसलेला नाही.